आधी दहा फोटो, मग व्हिडिओ

(दृश्य: सतरंजीवर पसरलेले फोटो, मुलांचे हात)

हे हात दिसतायत ना, ते आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या उन्हाळी फिल्म वर्कशॉपच्या मुलांचे. कोणी सातवीत, कोणी अकरावीत, मोबाईल सगळ्यांकडे, पण पहिले तीन दिवस व्हिडिओचं बटण दाबायचं नाही असा नियम आहे. एकाच माणसाच्या कामाचे दहा फोटो काढायचे, अकरावा नाही, आणि प्रिंट काढून आणायचे. मुलं कुरकुरतात, "ताई, व्हिडिओ केला तर सगळंच येईल ना त्यात!" सगळंच येतं रे, पण मग काय सोडायचं ते कोणी ठरवतच नाही, आणि गोष्ट तिथेच हरवते.

(दृश्य: मांडवीमागची गल्ली, निखारे, भाता)

हे कल्हईवाले काका. मुलांनीच शोधले. नीट बघा, पितळी पातेलं निखाऱ्यावर तापतंय, भाता चालू आहे, तापलं की नवसागराची पूड, भस्सकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी आतून टेकवली की ती वितळते आणि ते लगेच कापसाच्या बोळ्याने गरागरा सगळीकडे फिरवायचं, हात जरा थांबला की डाग राहतो. बघा, आतून कसं चांदीसारखं झालं. आणि आता पाण्यात. चर्रर्र!

यातल्या कुठल्या क्षणाला क्लिक करायचं, हे शिकायला तीन दिवससुद्धा कमीच पडतात. एका मुलाने धूर उठला तेव्हाच बटण दाबलं, काकांचा अर्धा चेहरा झाकला गेला, तो म्हणाला फुकट गेला फोटो. मला तोच सगळ्यात आवडला. त्यात काकांचे डोळे बारीक झालेत आणि बोळा धरलेला हात मात्र पातेल्यातच आहे, किती वर्षांची सवय असेल ती.

(दृश्य: फोटोंची अदलाबदल)

आता हे बघा. पातेलं घेऊन आलेल्या आजींचा हा फोटो, नुसत्या उभ्या आहेत, बघतायत. सगळ्यांनी तो लखलखीत पातेल्याच्या पुढे लावला होता, तिथे आजी खूश दिसत होत्या. सातवीतल्या मुलीने तो उचलून धुराच्या फोटोपुढे ठेवला आणि आजी एकदम काळजीत दिसायला लागल्या. फोटो तोच! साधारण 100 वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हेच करून दाखवलं होतं, नटाचा एकच चेहरा कधी सूपाच्या बशीशेजारी, कधी शवपेटीशेजारी, आणि लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. आमच्या मुलीने हे नाव ऐकलेलंही नव्हतं, तिला ते सतरंजीवर सापडलं.

(दृश्य: कलाभवनाची इमारत)

आणि आपण हे बडोद्यात शिकवतोय, हे मुलांना कळलंच पाहिजे असं मला फार वाटतं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेलं हे कलाभवन, दादासाहेब फाळके इथे शिकले. त्यांचा पहिला मोठा चित्रपट 1913 चा, पण त्याच्या आधी भांडवल उभं करायला त्यांनी काय दाखवलं, तर वाटाण्याचं रोप. रोज एक एक फ्रेम, महिनाभर, आणि पडद्यावर बी उगवून वर येताना दिसलं. म्हणजे रोजचा एक फोटोच की!

(दृश्य: लॅपटॉप, टाइमलाइन)

चौथ्या दिवशी एडिटिंग. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे फोटो चार सेकंद ठेवला तर 100 फ्रेम. मुलं सेकंदात कट मारतात, रील्सची सवय. मी सांगते, फोटोत काय काय आहे ते मनातल्या मनात सावकाश वाच, वाचून संपलं की काप. झूम शक्यतो नकोच. आणि आवाज चित्राच्या आधी येऊ दे, काळ्या पडद्यावर नुसता भाता ऐकू आला की बघणारा आपोआप पुढे सरकून बसतो, हे मुलांना एकदा करून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

अशा चार फिल्म झाल्या, रविवारी सगळ्यांना दाखवल्या, काकाही आले होते, त्यांची गल्लीतली जागा या महिन्यात सुटतेय.

(दृश्य: धुरातला फोटो, पूर्ण चार सेकंद. फक्त भात्याचा आवाज.)