झुरळाच्या मिशा आणि बुरशीची पावडर

रात्री टॉर्चला लाल कागद लावा आणि किचन ट्रॉलीसमोर पाच मिनिटं गप्प उभे राहा. एखादं छोटं झुरळ मिशी साफ करताना दिसेल. पुढच्या पायानं मिशी खाली ओढायची, तोंडात धरायची आणि मुळापासून टोकापर्यंत सावकाश चाटून काढायची. आज मला जे सांगायचंय ते झुरळाच्या या टापटिपीबद्दल.

हे छोटं, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ म्हणजे जर्मन कॉक्रोच. नाव लिनियसनं 1767 मध्ये दिलं. पण 2024 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून फुटून निघालं. म्हणजे जर्मनांवर उगीच आळ!

आता बुरशीकडे येऊ. उसाला हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागली की जमिनीत मेटारायझियम नावाची बुरशी टाकतात, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. तीच बुरशी झुरळालाही लागते. ती पोटात जावी लागत नाही. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, अंगाला चिकटला आणि ओल मिळाली की रुजतो, विकरांनी (एन्झाइमनी) कवच पोखरतो, आत शिरतो. मेलेलं झुरळ ओल्या कापसावर झाकून ठेवा. आधी सांध्यांतून पांढरी लव येते, मग ती शेवाळासारखी हिरवी होते. मला तरी ते दृश्य फार देखणं वाटतं. घरच्यांचं मत वेगळं आहे.

अडचण अशी, की बुरशी सावकाश मारते. आठवडा सहज जातो. तेवढ्यात झुरळ बीजाणू चाटून टाकतं, पिल्लू तर कात टाकून मोकळं होतं.

इथे विष कामाला येतं, तेही मारण्यासाठी नव्हे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मज्जासंस्थेवर काम करतं. मरणार नाही इतक्याच मात्रेत ते वाळवीला दिलं, तर वाळवीची एकमेकांना साफ करायची रीत मोडते आणि बुरशीचं फावतं. पर्ड्यू विद्यापीठात 1997 मध्ये इमिडाक्लोप्रिड आणि मेटारायझियमची जोडी जर्मन झुरळावर वापरली, तेव्हा दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम मिळाला. नॉर्थ कॅरोलिनात 2002 मध्ये तेच बोरिक ॲसिडबाबत दिसलं. हो, आपण पिठाच्या गोळ्यांत घालतो तीच बोरिक पावडर!

मात्र कुठलंही विष चालत नाही. काही कीटकनाशकं बुरशीलाच मारतात, म्हणून आधी प्रयोगशाळेत बशीतल्या बुरशीच्या खाद्यात विष मिसळून बुरशी किती पसरते ते मोजतात. शिवाय पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांचे बरेच फवारे झुरळांना हुसकावून लावतात. ज्यानं बुरशीच्या पावडरवरून चालायलाच हवं त्या पाहुण्याला दारातूनच हाकलण्यासारखं झालं ते.

मागून एका काकूंनी विचारलंय, शेतातलं उरलेलं मेटारायझियम सिंकखाली टाकू का? नको, काकू. ते शेतजमिनीसाठी बनवलेलं आहे. ती भुकटी बंद स्वयंपाकघरात उडाली तर श्वासातून आत जाईल, दमेकऱ्याला तर त्रासच. सध्या सिंकखालची गळती दुरुस्त करा आणि बिजागरीजवळ झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके द्या. फक्त त्यावर फवारा मारू नका, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकणार नाहीत.