सेलच्या पोटातली काळी भुकटी

(करवतीचं पातं डब्यातून खाली सरकतं.)

हा साधा झिंक-कार्बन सेल. वरचं छापील वेष्टण आधीच सोलून काढलंय. आतला हा राखाडी डबा जस्ताचा, आणि सेलचं ऋण टोक म्हणजे हा डबाच. मधोमध उभी आहे ती कार्बनची कांडी. वीज तिच्यातच असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कांडीचं काम फक्त वाट देण्याचं. खरी कामाची आहे ती तिच्याभोवती ठासून भरलेली ही भुकटी, जी आपण काजळी समजून झटकून टाकतो.

(हातमोजा घातलेल्या तळव्यावर भुकटी.)

जवळून पाहा, कशी ओलसर आहे. यात मँगनीज डायऑक्साइड आहे, वीज वाहावी म्हणून मिसळलेली कार्बनची पूड आहे, शिवाय नवसागर किंवा झिंक क्लोराइडचं पाणी. भुकटी आणि जस्त यांच्यामध्ये खळ लावलेला हा पातळ कागद. तो फाटला, तर सेल आतल्या आतच शॉर्ट.

(तार टेकते. बल्ब लागतो.)

जस्ताचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि स्वतः आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन त्या ओलाव्यात उतरतो. इलेक्ट्रॉनना आतून वाट नाही. ते तारेतून, बल्बमधून फिरून कांडीवाटे भुकटीत पोचतात. तिथे मँगनीजचे दोन अणू एकेक वाटून घेतात. या देवघेवीचा दाब साधारण १.५ व्होल्ट. सेल बोटाएवढा असो की मुठीएवढा, व्होल्ट तेवढेच. मोठ्यात माल जास्त, म्हणून तो जास्त टिकतो.

भुकटी नसती, तर कांडीवर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह अडला असता. जस्त आणि मँगनीजची ही जोडी जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जमवली, पण त्यांच्या काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी डुचमळायचं. कार्ल गासनर यांनी ते प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवलं, १८८६ मध्ये पेटंट घेतलं, आणि सेल आडवा-उलटा कसाही ठेवता येऊ लागला.

(मल्टिमीटरचा आकडा.)

बल्ब मंदावलाय. आता तार काढली. व्होल्टचा आकडा बघा, हळूहळू वर चढतोय! भुकटीच्या कणांचा फक्त वरचा थर वापरला गेला होता. उसंत मिळाली की हायड्रोजन आयन कणांत खोलवर मुरतात आणि पृष्ठभाग पुन्हा कामाला मोकळा होतो.

(वापरून संपलेला डबा, मागून उजेड.)

हा मात्र पुरता संपलाय. जस्त झिजून भोकं पडलीत. इथूनच रस गळतो आणि उपकरणातल्या स्प्रिंगा गंजतात; संपलेले सेल वेळीच काढा, कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवा.

अल्कलाइन सेल आम्ही कापलेला नाही. तुम्हीही कापू नका, त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी भाजतं. त्याची रचना उलटी: जस्ताची पूड मधोमध, आणि पोलादी डब्याच्या आतून लागलेला थर पुन्हा मँगनीज डायऑक्साइडचाच.