आधी पत्रा, मग इंजिन

(दृश्य: डिचोलीजवळची शेड. लोखंडी घोड्यांवर सपाट उभी लाल गाडी, दारं उघडी, सीट काढलेल्या.)

ही एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. दोघांपुरती जागा, काढता येणारा कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन. या शेडमध्ये ती आल्यापासून त्या इंजिनाला अजून कुणी हात लावलेला नाही.

शिकायला येणारा प्रत्येक जण आधी बॉनेट उघडतो. इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असते, आणि ती मला समजते. पण गोव्यात ही गाडी मरते ती खालून.

इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. उरलेले महिने खारा वारा. आणि एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, तिच्यावरच सगळी मदार. डोक्यावर छप्पर नाही, म्हणून तिच्यावरचा भार आणखी वाढतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतून तिच्यात शिरतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि गंज आतून खात सुटतो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा बऱ्याचदा उरलेलाच नसतो.

(दृश्य: मिस्त्री हातोडीच्या दांड्याने सिल ठोकत पुढे सरकतात. टणटण आवाज येतो, एका जागी तो बद्द होतो.)

हे मिस्त्री पूर्वी मांडवी नदीतल्या बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटींवर, वेल्डिंग करायचे. खनिज भरून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जचा पत्रा खाऱ्या पाण्यात कुठे आणि कसा कुजतो, हे त्यांनी हातांनी शिकून घेतलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ते मोटारींकडे वळले. या गाडीसाठी गोव्यात याहून चांगला गुरू मिळणं कठीण, असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्या हाताखाली शिकते आहे फोंड्याची एक मुलगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. तिने पाना उचलला तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, "बाय, तो ठेव. आधी दारं मोज."

म्हणजे दार आणि मडगार्ड यांमधली फट वर, मध्ये आणि खाली किती आहे, ते वहीत लिहायचं. सिल कापलं की उघडी गाडी मध्येच दबते. तशा अवस्थेत नवं सिल वेल्ड केलं तर गाडी कायमची वाकडी होते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत आधी लोखंडी पाईप आडवा टाचून घ्यायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. थोडे टाके मारायचे, दार लावून फट पुन्हा मोजायची, वहीतल्या आकड्याशी ताडून बघायची, मग पुढचे टाके. काम कंटाळवाणं वाटेल. ती मात्र त्यात रमली आहे.

सिलचं पुढचं टोक मडगार्डखाली जातं. मडगार्ड न काढता दिसतो तेवढाच पत्रा बदलून वर पुट्टी मारली की गाडी सुरेख दिसते, पण मदार पूर्वीच्याच कुजक्या पत्र्यावर राहते. अशा गाडीत मी माझ्या माणसाला बसू देणार नाही.

(दृश्य: उजवं सिल पूर्ण. पाणी जायच्या भोकांतून आत गंज रोखणाऱ्या मेणाचा फवारा.)

इंजिनाची पाळी यानंतर. तिथे आपल्या गॅरेजांत भीतीचं काही कारण नाही, कारण अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट ०.३८ मिलिमीटर, ठिणगीचा प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटची जवळपास तेवढीच. पाने मात्र इंचाचे हवेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ चा पाना लावला की बोल्टाचे कोपरे झिजतात. १९६७ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तेव्हा वायर लावण्यापूर्वी दोनदा बघायचं.

खरी गोडी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या दोन एसयू कार्ब्युरेटरांत आहे. इंजिनाच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वर येते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी धरून ऐकायचं. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी. किंचित वाढून जागेवर आला की बरोबर.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या खराब करतं, हवेतला ओलावा ओढून घेतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या आणि जेटचा नट थोडा खाली फिरवून पेट्रोल वाढवायचं.

(दृश्य: आभाळ भरून आलेलं. मुलगी गाडीतला गालिचा बाहेर काढते आहे.)

तुमच्या घरी अशी एमजीबी उभी असेल तर मे संपण्याआधी गालिचे काढा, सिलची भोकं तारेने मोकळी करा, प्लास्टिकचं आच्छादन टाळा. पुढच्या काचेजवळ हवेची जाळी असते. तिच्यातलं पाणी एका रबरी नळीने गिअरबॉक्सच्या बाजूने खाली जातं. त्या जाळीत तांब्याभर पाणी हळूहळू ओता. जमिनीवर पडलं तर ठीक. पडलं नाही, किंवा पायाशी ओल आली, तर नळीत पालापाचोळा अडकलाय. ती त्याच दिवशी काढून साफ करा.