स्वरतंतूवरचा पांढरा चट्टा आणि तुकड्याची तपासणी

पडद्यावर उघडमीट करताहेत ते दोन स्वरतंतू. ७० अंशांची दुर्बीण तोंडातून आत गेली आहे. डाव्या तंतूच्या मधोमध खरखरीत, जाडसर चट्टा बघा.

जालना, बीड, परभणीहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येणारे असे पेशंट एवढंच सांगतात, ‘आवाज बसलाय.’ मागे वर्षानुवर्षांची विडी असते. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर दुर्बिणीनं बघायलाच हवं.

पण नुसतं बघून निदान होत नाही. चट्टा घर्षणाचा असतो, बुरशीचाही असतो. स्वरयंत्राचा क्षयही असाच फसवतो. लाल-पांढरा, ओबडधोबड असेल तर कर्करोगाचा संशय वाढतो. तुकडा काढावाच लागतो.

आता ऑपरेशन थिएटर. पूर्ण भूल, श्वासाची नळी ५ ते ५.५ मिलिमीटरची, जाड नळीनं स्वरतंतू झाकले जातात. मायक्रोस्कोपला ४०० मिलिमीटरचं भिंग, म्हणजे लांब हत्यारं फिरवायला जागा मिळते. बारीक सुईनं चट्ट्याखाली सलाईन सोडलंय. चट्टा कसा वर उचलला गेला! जिथं तो खाली चिकटून राहतो, तिथं आजार खोल गेल्याची शंका घ्यायची, जुना व्रण असला तरीही. पुढच्या टोकाला दोन्ही तंतू जुळतात. तिथं दोन्ही बाजू एकाच वेळी सोलल्या, तर जखमा एकमेकींना चिकटून पडदा धरतो.

तुकडा हातात आला. बरेच अहवाल बिघडतात ते इथून पुढं. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, मोकळा टाकला की तो भाजलेल्या पापडासारखा वळतो, मग काप तिरपा जातो आणि थरांची खोली कळत नाही. म्हणून आधी कागदावर सपाट पसरायचा, वरची बाजू वर. चिमट्यात चिरडलेल्या किंवा विजेच्या चटक्यानं भाजलेल्या पेशी वाचता येत नाहीत. १० टक्के फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच कुजायला लागतो. चिठ्ठी झाकणावर नको, बाटलीवर लावा, झाकणं बदलतात. अर्जावर बाजू, जागा, विडी-दारू आणि आधीची तपासणी लिहा. रिकामा अर्ज पाठवून नेमक्या उत्तराची अपेक्षा कशी करायची?

प्रयोगशाळेत तुकडा मेणात उभा बसवून ३-४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप होतात. रंगवल्यावर केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट तळापासून वर बघत जातात: बेढब पेशी वरच्या आवरणाच्या खालच्या अर्ध्यातच आहेत, की वरपर्यंत चढल्यात? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या वर्गीकरणात या बेढबपणाचे कमी आणि जास्त, असे दोनच दर्जे आहेत. आवरणाच्या तळाचा पातळ पडदा फोडून पेशी खाली उतरल्या असतील, तर तो कर्करोग.

कमी दर्जाला विडी बंद आणि नियमित दुर्बीण; जास्त दर्जाला उरलेला चट्टा काढणं किंवा किरणोपचार.

अहवाल निर्दोष आला आणि चट्टा तसाच राहिला, तर पुन्हा तुकडा घ्यायचा. पहिला चुकीच्या जागेचा असू शकतो.