लेआऊट आधी, बस कधी?

सकाळचे साडेआठ वाजलेत, आणि नागपुरात बेसा-बेलतरोडीकडून मनीषनगरकडे बघा, नुसत्या स्कूटीच स्कूटी. तोंडाला स्कार्फ, पायाजवळ डब्याची पिशवी, मागे शाळेतलं पोरगं. जायचं कुठे, तर बर्डी म्हणजे सीताबर्डी, धंतोली, सिव्हिल लाइन्स. म्हणजे घर शहराबाहेर गेलं पण काम तिथंच राहिलं.

इथे आधी शेतं होती. मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा कार्गो हब आणि सेझचा मोठा प्रकल्प, येतंय म्हटल्यावर वर्धा रोडच्या आजूबाजूच्या जमिनीला भाव आला, शेतात सिमेंटचे खुंट गाडले, मुरूम टाकला, कमान उभी केली, झाला लेआऊट. प्लॉट घेताना आपण एनए (बिगरशेती) आहे का, आरएल (प्लॉटचं रिलीज लेटर) आहे का विचारतो, विचारायलाच पाहिजे, पण बस येते का हे कोणीच विचारत नाही. प्रत्येक लेआऊट वेगळ्या माणसानं पाडलेला, एकाचा रस्ता दुसऱ्याच्या कंपाउंडला जाऊन अडतो, मग मोठी बस वळणार कुठून? त्यात कितीतरी प्लॉट नुसते घेऊन ठेवलेले, गाजरगवत माजलंय, म्हणजे बस भरेल एवढी माणसंही एका जागी नाहीत.

मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, डिसेंबर २०२२ पर्यंत चारही दिशांना गेली. मेट्रो छानच आहे, मनापासून सांगतो. पण ती वर्धा रोडनं सरळ जाते आणि लोकं राहतात ३-४ किलोमीटर आत. माझी वहिनी काही महिने मेट्रोनं गेली. संध्याकाळी स्टेशनवर उतरली की ऑटोवाला म्हणायचा, "ताई, वापस रिकामा यावं लागते, डबल लागतील." त्याचंही चूक नाही. शेवटी तिनं स्कूटी घेतली, आणि एकदा स्कूटी काढली की माणूस थेट बर्डीलाच नेतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत स्टेशनपर्यंत पायी कोण जाईल! वर त्याच मेट्रोच्या खांबांवर गाड्यांसाठी ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूलही आहे, म्हणजे गाडीवाल्याचीही वाट मोकळी करून दिली.

आता दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसीकडे चाललीय, जवळपास ४४ किलोमीटर. तिकडेही शेतांचे लेआऊट होऊनच राहिलेत. तिथे पहिला खुंट गाडायच्या आधी बसचा रस्ता नकाशावर आखा, एका लेआऊटमधून दुसऱ्यात निघेल असा, स्टॉपची जागा सोडा, आणि मेट्रो येईल तेव्हा येईल, स्टेशनपर्यंतची छोटी बस पहिल्या दहा घरांसाठीच सुरू करा, दारात स्कूटी उभी राहायच्या आत.