लेव्हिटटाउनची हायस्कुलं: मुलं कुणाची, पैसा कुणाचा, पुस्तकं कुणाची

[दृश्य: विमानातून घेतलेलं कृष्णधवल छायाचित्र. एकसारख्या छपरांच्या लांबच लांब रांगा.]

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड. ही घरं उभी आहेत तिथे 1947 पर्यंत बटाट्याची शेती होती. जमिनीत सूत्रकृमी शिरले, पीक परवडेना, शेतकरी जमिनी विकू लागले. लेव्हिट अँड सन्स या कंपनीने त्या घेतल्या आणि 1951 पर्यंत तिथे 17 हजारांहून जास्त घरं बांधली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तरुण सैनिक, त्यांच्या बायका आणि पाठोपाठ जन्मलेली मुलं, असं हे लेव्हिटटाउन वसलं.

कंपनीने दुकानं दिली, पोहण्याचे तलाव दिले, मैदानं दिली. वसाहत मुलांनी भरली होती, पण शाळा बांधायची जबाबदारी रहिवाशांवर आली.

[दृश्य: भाडेकराराचं पान. एका कलमावर कॅमेरा स्थिरावतो.]

या मुलांच्या वर्गात कोण बसणार, हे मात्र शाळा बांधण्याआधीच ठरलं होतं. सुरुवातीच्या भाडेकरारात स्पष्ट कलम होतं: गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणालाही इथे राहता येणार नाही, अपवाद फक्त घरगड्यांचा. तेच युद्ध लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना इथून परत पाठवलं गेलं. घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याची अशा वस्त्यांना संमती होती. पुढे कलम गेलं, वस्ती मात्र तशीच राहिली. 1960 च्या जनगणनेत इथे 65 हजारांवर लोक होते आणि त्यात कृष्णवर्णीय अगदी नावापुरते. ‘सार्वजनिक’ हायस्कूल म्हणताना हे आधी सांगायलाच हवं. शाळेच्या दारावर पाटी नव्हती. ती घराच्या करारात होती.

[दृश्य: नकाशा. लेव्हिटटाउनवरून जाणाऱ्या हद्दीच्या रेषा.]

आता हा नकाशा पाहा. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालवते ती स्कूल डिस्ट्रिक्ट. तिचं मंडळ मतदार निवडून देतात आणि खर्चाचा मोठा भाग हद्दीतल्या मालमत्तांवरच्या करातून निघतो. लेव्हिटटाउन अशा अनेक डिस्ट्रिक्टमध्ये विभागलं गेलं. काही मुलं लेव्हिटटाउन डिस्ट्रिक्टच्या हायस्कुलांत जात, काही आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टच्या. वसाहत एकच, पण शाळा, मंडळं आणि तिजोऱ्या वेगळ्या.

आणि लेव्हिटटाउन डिस्ट्रिक्टची तिजोरी कायम तंगीत. कारण सरळ आहे. इथे घरंच घरं, तीही छोटी. भरपूर कर देणारे कारखाने नाहीत, मोठ्या कचेऱ्या नाहीत. त्याच बेटावरच्या श्रीमंत डिस्ट्रिक्ट कमी दराने कर लावूनही दर मुलामागे जास्त खर्च करू शकत. अखेर 1974 मध्ये लेव्हिटटाउनच्या मंडळाने इतर गरीब डिस्ट्रिक्टना सोबत घेऊन न्यूयॉर्क राज्यावर खटला भरला. न्यूयॉर्क, बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज ही मोठी शहरंही त्यात उतरली. गोऱ्या कामगारांचं उपनगर आणि महानगरं एका बाजूला उभी राहिली. या इतिहासातला मला सर्वांत आशेचा वाटतो तो हा क्षण.

[दृश्य: हायस्कूलचं ग्रंथालय. कार्डांचे लाकडी खण.]

त्याच सुमारास शेजारच्या आयलंड ट्रीज हायस्कूलमध्ये वेगळंच घडत होतं. सप्टेंबर 1975 मध्ये मंडळाचे काही सदस्य पालकांच्या एका परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले. 7 नोव्हेंबरच्या रात्री शाळेत कार्यक्रम होता. दोन सदस्यांनी त्या रात्री ग्रंथालयात जाऊन पुस्तकांच्या नोंदींची कार्डं चाळली. यादीतली नऊ पुस्तकं सापडली. त्यात कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट होते, कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट होते. मंडळाने पालक आणि शिक्षकांची समिती नेमली. समितीने त्यातली बरीच पुस्तकं ठेवायला सांगितली. मंडळाने स्वतःच नेमलेल्या समितीचं ऐकलं नाही आणि बहुतेक सगळी पुस्तकं काढून टाकली.

1977 मध्ये स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी मंडळाविरुद्ध न्यायालयात गेले. शाळकरी मुलं स्वतःच्या शाळेला कोर्टात खेचतात, तेही पुस्तकांसाठी!

दोन्ही खटल्यांचे मोठे निकाल जून 1982 मध्ये लागले, एकाच आठवड्यात.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लेव्हिटटाउन हरलं. न्यायालयाने विषमता नाकारली नाही. राज्यघटना मुलांना ‘भक्कम मूलभूत शिक्षणा’ची हमी देते, समान खर्चाची नाही, असं ते म्हणालं. आणि या पद्धतीचं समर्थन केलं ते शाळांवरच्या स्थानिक नियंत्रणाचा दाखला देऊन. वॉशिंग्टनमध्ये, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, पिको जिंकला. पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळा मंडळाला ग्रंथालयातून पुस्तकं हटवता येणार नाहीत. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली गेलं, पण मंडळाने लढा सोडला आणि पुस्तकं परत आली.

म्हणजे मंडळाच्या हातातल्या सत्तेला पुस्तकांपाशी वेसण बसली, पैशापाशी नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं. कपाटातलं पुस्तक मुलाच्या हक्काचं असेल, तर ते विकत घ्यायला लागणारा पैसा घरांच्या किमतीवर का सोडायचा?

[दृश्य: लेव्हिटटाउन मेमोरियलची इमारत, आजची.]

तोवर बालकांची ती मोठी लाट ओसरली होती. पट घसरले आणि लेव्हिटटाउन मेमोरियल हायस्कूल बंद झालं. आज ती इमारत डिस्ट्रिक्टचं शिक्षण केंद्र आहे. डिव्हिजन अव्हेन्यू आणि जनरल डग्लस मॅकआर्थर ही दोन हायस्कुलं चालू आहेत.

हरलेल्या खटल्यातले ते शब्द मात्र वाया गेले नाहीत. न्यूयॉर्क शहरातले पालक पुढे याच ‘भक्कम मूलभूत शिक्षणा’वर बोट ठेवून न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये जिंकले. शहरातल्या मुलांना राज्य तेवढंही देत नाही, असा निकाल मिळाला. लेव्हिटटाउनच्या शाळांचा मोठा खर्च अजूनही तिथल्या घरांवरच्या करातूनच भागतो.