लाल रंगाखालचं वाक्य

(गोव्यातल्या पेडणे इथं मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चपला काढताना एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "बाई, परवा ऑरेंज अलर्ट होता आणि आमच्याकडं अंगणसुद्धा भिजलं नाही. हे हवामान खातं करतं तरी काय?" मी म्हटलं, आत बसा, यावरच बोलणार आहे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, म्हणून सुरुवात त्यांच्या अंगणापासूनच करते.

ते कोरडं राहिलं आणि तरीही इशारा बरोबर होता, असं होऊ शकतं. पत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता". तुरळक हा शब्द आपण डोळ्यांखालून घालतो आणि सोडून देतो. खात्याच्या भाषेत त्याला माप आहे. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पाव मापकांवर तसा पाऊस अपेक्षित असेल, तर ते तुरळक. त्यापुढं काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी, आणि पाऊणपेक्षा जास्त मापकांवर असेल तर बहुतेक ठिकाणी. म्हणजे चारपैकी तीन अंगणं कोरडी राहिली तरी अंदाज खोटा ठरत नाही. त्यात आपल्याकडं इशारा निघतो तो उत्तर गोवा, दक्षिण गोवा अशा नावानं. केरीच्या किनाऱ्यावरची रेती आणि घाटाजवळच्या वाळपईचं रान दोन्हीला एकच रंग. घाटाला ढग अडतात, तिकडं पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, हे तिकडच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पेडण्यात बसून उत्तर गोव्याचा रंग बघणारानं एवढा हिशेब मनात धरायचा.

आता रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. खात्याच्या इंग्रजीत पिवळ्याला वॉच, केशरीला अलर्ट आणि लालला वॉर्निंग म्हणतात. आपण सगळ्यालाच अलर्ट म्हणतो, यलो अलर्ट, रेड अलर्ट. वर्तमानपत्रांनी लावलेली सवय आहे, आता जायची नाही. त्यानं एक मात्र झालं. पायऱ्या पुसल्या गेल्या. लक्ष ठेवणं, तयारी करणं आणि उठून हलणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याला तिन्ही वेळा एकच शब्द ऐकू येतो. मग पोरं विचारतात, उद्या शाळेला सुट्टी आहे का? लाल रंगाचा गोव्यात एवढाच अर्थ उरलाय की काय, अशी मला कधीकधी शंका येते.

पावसाचे आकडेही पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. मिलिमीटर म्हटलं की बोटभर वाटतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर शंभर चौरस मीटर असेल, तर ११५ मिलिमीटरला त्यावरून साडेअकरा हजार लिटर उतरतं. एका छपरावरून! आणि चोवीस तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. उद्याच्या तारखेला नोंदलेला पाऊस बराचसा आज पडलेला असतो, त्यामुळं "सोमवारी सांगितला आणि रविवारीच पडला" ही तक्रार कधीकधी नुसती घड्याळाची असते.

मात्र रंग फक्त आकड्यावर ठरत नाही. किती शक्यता आहे आणि झालं तर परिणाम काय होईल, हे दोन्ही धरून तो दिला जातो. जुलैत गोव्यात दिवसाला शंभर मिलिमीटर पडले तरी आपण छत्री घेऊन बाजारात जातो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख. तोच शंभर मिलिमीटर मे महिन्यात पडू दे. गटारं पाल्यापाचोळ्यानं तुंबलेली, वाळक्या फांद्या झाडावर तशाच, विजेच्या तारा त्या फांद्यांतून गेलेल्या. म्हणून मेमधल्या पिवळ्याला मी जुलैमधल्या केशरीपेक्षा जास्त भिते. हे खात्याचं मत नाही, माझं आहे.

त्यामागं माझी फजिती आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. म्यानमारनं दिलेलं नाव, अर्थ पाल. कोविडची संचारबंदी होती, सगळे घरात, हातात फोन. पत्रक मी वाचलं होतं. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेली बाई, न वाचून कशी राहीन? पण मी त्यातला पावसाचा आकडा वाचला, वाऱ्याचा वाचला नाही. मला वाटलं, अंगणातली लाकडं झाकली म्हणजे झालं. रविवारी, १६ तारखेला, भाटातला, म्हणजे घरामागच्या बागेतला, एक माड न्हाणीघरावर आडवा झाला. त्या माडाचा शेंडा दोन वर्षं मेलेला होता, पाडेली, म्हणजे माडावर चढणारा गडी, बोलवायचा म्हणून राहून गेलेला. पुढं चार दिवस वीज नव्हती. आणि लक्षात घ्या, ते वादळ गोव्यावर आदळलंच नाही. किनाऱ्याबाहेरून उत्तरेकडं सरकलं आणि १७ च्या रात्री गुजरातला धडकलं. वादळाचं केंद्र आपल्यावरून जाणार नाही, एवढं वाचून निश्चिंत होणारे माझ्यासारखे खूप असतात.

चक्रीवादळाच्या पत्रकांना वेगळा जिना आहे. किनाऱ्यावर त्रास सुरू होण्याच्या निदान ७२ तास आधी पहिली चाहूल दिली जाते. निदान ४८ तास आधी अलर्ट, रंग पिवळा. निदान २४ तास आधी वॉर्निंग, रंग केशरी. वादळ जमिनीवर येण्याच्या निदान बारा तास आधी लाल पत्रक, आणि त्याचं नाव मोठं फसवं, धडकेनंतरचा अंदाज. नाव ऐकून वाटतं, सगळं आटोपल्यावर काढलेला अहवाल. निघतं मात्र आधी. आणखी एक घोटाळा बघा. रोजच्या पावसाच्या पत्रकात केशरीला अलर्ट म्हणतात, वादळात अलर्ट पिवळा आणि वॉर्निंग केशरी! म्हणून मी सांगते, इंग्रजी शब्दावर भिस्त ठेवू नका. रंग बघा, आणि लगेच रंगाखालचं वाक्य वाचा. पाऊस, वारा की वीज, कुठल्या जिल्ह्यात, किती वाजता काढलं आणि कधीपर्यंत लागू. फोनवर फिरणाऱ्या चित्रात ही शेवटची ओळ बहुधा कापलेली असते. गेल्या वर्षीचा लाल रंग यंदा तसाच फिरतो.

दर्यावरच्या माणसांना हे नवं नाही. त्यांच्याकडं रंगांच्या आधीपासून बावटे होते. "मुरगावला तीन नंबरचा बावटा लागला" हे वाक्य इथल्या म्हाताऱ्यांनी लहानपणी ऐकलेलं असेल. बंदरावर दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री दिवे. एक आणि दोन नंबर सांगतात की गडबड लांब समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. तिथून चढत दहापर्यंत. अकरावा लागला, तर हवामान कचेरीशी संपर्कच तुटला. मला तो अकरावा फार आवडतो. आम्हाला काही कळत नाही, असं सांगायलाही एक खूण ठेवलेली.

आणि आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. २०१७ च्या डिसेंबरात, ३ तारखेला, दत्तजयंतीच्या दिवशी, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी इथं समुद्र शॅकमध्ये, म्हणजे रेतीवरच्या झोपडीवजा हॉटेलांत, शिरला. पलंग, खुर्च्या, लाकडी जमिनी, सगळं पाण्यात. त्या वेळी ओखी वादळ आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब होतं. लाटांना तुमच्याकडच्या वाऱ्याची गरज नसते, त्या लांबून चालत येतात. त्यात पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. दोन्ही एकमेकांवर चढल्या. मल्याळम भाषेत अशा न सांगता चालून येणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. या लाटांचा इशारा पावसाच्या नकाशावर शोधू नका. तो हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो, उंच लाटा किंवा लाटांची उसळी अशा नावानं. डोक्यावर निळं आकाश आणि फोनवर लाटांचा इशारा, हे एकत्र दिसलं तर हसू नका, खुर्च्या वर ओढा.

विजेबद्दल थोडंच सांगते, कारण वेळ होत आला. दिवसभराच्या रंगापेक्षा इथं तीन तासांचा तातडीचा अंदाज कामाचा. पणजीच्या आल्तिनोवरचं रडार ढग बघतं आणि त्यावरून तो निघतो. पुण्याच्या संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडत असेल तर सांगतं. दोन्ही नसलं तर कान आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. घरात जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. झाडाखाली नाही, शेतातल्या मांगरात, म्हणजे खोपीतही नाही.

आज दुपारच्या पत्रकात उत्तर गोवा पिवळा होता, विजांसाठी आणि वाऱ्यासाठी, तुरळक ठिकाणी. आता तीन तासांचा अंदाज आलाय, मी आत्ताच बघितला, तोही तेच म्हणतो. तेव्हा प्रश्न पाचच मिनिटं घेऊ. आणि बाहेर आंब्याखाली ज्यांनी स्कूटर लावल्यात, त्यांनी त्या आधी इकडं पडवीत आणाव्यात. त्या आंब्याची उजवीकडची फांदी मी येताना बघितली, ती वाळलेली आहे.